रक झालाच नाही, तर ऑफसाइड कुठली? : रग्बीतल्या पळवाटा आणि पंचांचा कौल

२६ फेब्रुवारी २०१७ रोजी लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर युरोपातल्या सहा देशांच्या सिक्स नेशन्स स्पर्धेत इंग्लंड आणि इटली यांचा सामना सुरू होता. इंग्लंडचा खेळाडू चेंडू घेऊन धावे, इटलीचा खेळाडू त्याला पाडी, आणि त्यानंतर एरवी जी झुंबड उडते ती उडतच नसे. इटलीचे बाकीचे खेळाडू चेंडूसाठी भिडायला येत नव्हते. ते पडलेल्या खेळाडूला लांबून वळसा घालून थेट इंग्लंडच्या बाजूला जाऊन उभे राहत होते, तेही ज्या वाटेने चेंडू पुढच्या खेळाडूकडे फेकला जाणार त्याच वाटेत. पाहणाऱ्या कोणालाही वाटले असते की हे सरळसरळ ऑफसाइड आहे. पंचांची शिट्टी मात्र वाजली नाही आणि मध्यंतराला इटलीचा संघ १०-५ असा पुढे होता. इंग्लंडच्या जेम्स हॅस्केलने चालू खेळात फ्रेंच पंच रोमँ प्वात यांनाच विचारले की आता आम्ही नेमके करायचे काय, तेव्हा मी पंच आहे, तुमचा प्रशिक्षक नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याला मिळाले.

२०२५ च्या जूनमध्ये मुंबईत अंधेरीच्या मैदानावर रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला. तो सात-सात खेळाडूंच्या संघांचा खेळ होता, पण त्या निमित्ताने आपल्याकडच्या बऱ्याच प्रेक्षकांनी रग्बी पहिल्यांदाच नीट पाहिली. नव्या प्रेक्षकाला गुण मोजणे लवकर जमते. ‘आत्ता शिट्टी कशासाठी वाजली?’ आणि ‘मघाशी हेच घडले तेव्हा का वाजली नाही?’ हे दोन प्रश्न मात्र सुटता सुटत नाहीत. पंधरा खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय रग्बीत हेच प्रश्न विश्वचषकाचे निकाल फिरवतात, आणि मुरलेले संघ त्यांच्यावरच आपले डाव बेततात.

आधी मैदानाची ओळख

रग्बीत चेंडू हाताने फक्त मागे किंवा आडवा फेकता येतो. पुढे न्यायचा तर धावत न्यावा लागतो किंवा लाथाडावा लागतो. चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवला की ‘ट्राय’, त्याचे ५ गुण, आणि त्यानंतरची किक खांबांमधून गेली तर आणखी २. प्रतिपक्षाने गंभीर चूक केली की पेनल्टी मिळते; ती खांबांमधून मारली की ३ गुण.

चेंडू असलेल्या खेळाडूला धरून खाली पाडणे म्हणजे टॅकल. पाडल्यावर त्याला चेंडू सोडावा लागतो. मग दोन्ही संघांचे पायांवर उभे असलेले खेळाडू त्या जमिनीवरच्या चेंडूवर एकमेकांना भिडतात आणि ढकलाढकली सुरू होते, तिला रक म्हणतात. रक झाला की दोन्ही संघांसाठी एकेक अदृश्य रेषा तयार होते. जे खेळाडू रकमध्ये नाहीत त्यांनी आपल्या रेषेमागे थांबायचे. पुढे राहून खेळात भाग घेतला तर ऑफसाइड. या लेखापुरते एवढे शब्द पुरेत.

टॅकलनंतरचे दोन क्षण

आता पंचाच्या जागी उभे राहून पाहा. एक खेळाडू पडला. पाडणाऱ्याने त्याला लगेच सोडायचे आणि बाजूला सरकायचे आहे. पडलेल्याने चेंडू लगेच सोडायचा आहे. धावत येणाऱ्यांनी मागच्या बाजूनेच यायचे, कडेने घुसायचे नाही, आणि पायांवर तोल सांभाळून राहायचे आहे. रक होण्याआधी पोहोचलेला बचाव करणारा खेळाडू वाकून चेंडू हाताने उचलू शकतो. पण रक झाल्यावर आलेल्याने हात घातला तर गुन्हा. ही सारी माणसे शंभर-शंभर किलोंची, सगळे घडते दोन-तीन सेकंदांत, आणि एका सामन्यात असे प्रसंग शंभराहून अधिक वेळा येतात.

नियमपुस्तकात ‘लगेच’ असे लिहिलेले असते. ‘लगेच’ म्हणजे अर्धा सेकंद की दीड? पाडलेल्या खेळाडूला अर्धाच सेकंद दिला, तर चेंडू हिसकावणाऱ्याचे फावते. दीड सेकंद दिला, तर आक्रमण करणाऱ्या संघाचा खेळ वेगाने वाहू लागतो. पुस्तक तेच, अक्षरे तीच. पण पंच बदलला की सामन्याचा तोल बदलतो. कबड्डी पाहिलेल्या माणसाला हे नवे वाटू नये. चढाई करणाऱ्याने ‘कबड्डी, कबड्डी’ हा उच्चार एका दमात, स्पष्ट आणि सलग करायचा, असा नियम आहे. आवाज क्षीण झाला आणि दम तुटला यांतली रेघ मात्र पंचाच्याच कानात असते.

शिवाय रग्बीच्या पंचाने प्रत्येक चुकीला शिट्टी वाजवावी अशी अपेक्षाच नसते. चुकीचा खेळावर काही परिणाम झाला का, हे त्याने आधी पाहायचे. ज्या संघाविरुद्ध चूक झाली त्याला पुढे खेळून काही लाभ होतो का, हे पाहण्यासाठी तो हात आडवा धरून थोडा वेळ थांबतो. कित्येकदा तर चूक घडण्याआधीच तो ओरडतो, ‘हात काढ’, ‘बाजूला सरक’, ‘चेंडू खेळा’. चेंडू रकच्या मागच्या टोकाशी तयार असूनही संघ वेळ काढत असेल, तर ही शेवटची सूचना मिळाल्यावर पाच सेकंदांत तो खेळावा लागतो. म्हणजे पंच सामना चालू असताना नियमांचा अर्थ बोलून दाखवत असतो आणि खेळाडू कान देऊन तो अर्थ टिपत असतात. न्यूझीलंडकडून १४८ कसोटी सामने खेळलेला रिची मॅको हा या कानाचा उस्ताद. तो नेहमी नियमांच्या सीमेवर खेळतो, कधी कधी पलीकडेही जातो, अशी प्रतिस्पर्ध्यांची कायमची तक्रार असे. त्या दिवशीचा पंच किती ताणू देतो हे पहिल्या काही मिनिटांत ओळखणे, हेही रग्बीतले एक कसबच आहे, आणि त्याला बेइमानी म्हणणे मला पटत नाही.

इटलीने साधलेली फट

ट्विकनहॅमला इटलीने जे केले त्याचे मूळ रकच्या तेव्हाच्या व्याख्येत होते. रक होण्यासाठी दोन्ही संघांचा किमान एकेक खेळाडू उभा राहून चेंडूवर एकमेकांना भिडलेला असला पाहिजे, असे नियम सांगत होता. भिडायला दोघे लागतात. एका बाजूने कोणी आलेच नाही, तर रक होत नाही. रक नाही, तर ऑफसाइडची रेषा नाही. आणि रेषाच नसेल, तर मैदानावर कुठेही उभे राहता येते.

कबड्डीच्या मैदानाच्या दोन्ही कडांना जो पट्टा असतो, ज्याला आपण लॉबी म्हणतो, तो इथे डोळ्यांपुढे आणावा. झटापट होण्याआधी त्यात पाऊल टाकणारा बाद. पण चढाई करणाऱ्याला प्रतिपक्षाचा स्पर्श झाला, झटापट सुरू झाली, की तोच पट्टा मैदानाचा भाग होतो. चुन्याने आखलेली रेघ जागची हलत नाही, तिचा अर्थ एका स्पर्शाने बदलतो. रग्बीतली ऑफसाइड रेषाही अशीच घटनेतून जन्मते. इटलीने ठरवून ती घटनाच घडू दिली नाही.

ही युक्ती इटलीने शोधलेली नव्हती. न्यूझीलंडच्या चीफ्स संघाने ती आदल्याच वर्षी वापरली होती. पण एखाद-दुसऱ्या वेळी वापरणे वेगळे आणि पूर्ण सामन्याची रचनाच तिच्यावर उभारणे वेगळे. इटलीचे प्रशिक्षक कॉनर ओ’शे आणि त्यांचे दक्षिण आफ्रिकी सल्लागार ब्रेंडन व्हेंटर यांनी हे धाडस केले, कारण दोनच आठवड्यांपूर्वी रोममध्ये आयर्लंडने त्यांना ६३-१० असे चिरडले होते. चाकोरीतल्या खेळाने ट्विकनहॅमला काय होणार हे उघड दिसत होते.

उपाय साधा होता आणि तो इंग्लंडला मध्यंतरात सापडला. समोरचे खेळाडू वळसा घालून मागे गेले आहेत, म्हणजे मधली जागा मोकळी आहे. तेव्हा चेंडू फेकू नका, उचला आणि सरळ धावा. नाहीतर एखाद्या इटालियन खेळाडूला पकडून चेंडूवर ओढा, म्हणजे रक आपोआप होतो. दुसऱ्या सत्रात ट्रायमागून ट्राय होत गेले आणि इंग्लंडने सामना ३६-१५ असा जिंकला. तरीही त्यांचे प्रशिक्षक एडी जोन्स संतापलेले होते. याला रग्बी म्हणत नाहीत, असा त्यांचा सूर होता.

ही फसवणूक नव्हे का?

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तर देण्यासाठी एक जुना सामना पाहावा लागेल. ११ नोव्हेंबर १९७८, कार्डिफ. न्यूझीलंडविरुद्ध वेल्स १२-१० असे पुढे, आणि सामना संपत आलेला. चेंडू मैदानाबाहेर गेला की दोन्ही संघ समोरासमोर रांगा करून उभे राहतात आणि चेंडू त्या रांगांमध्ये फेकला जातो. याला लाइनआउट म्हणतात. चेंडू फेकला जाताच न्यूझीलंडचा उंचापुरा अँडी हेडन रांगेतून असा उडून बाहेर पडला, जणू त्याला कोणी जोराने ढकलले आहे. कोणी ढकलले नव्हते. पंच रॉजर क्विटेंटन यांनी न्यूझीलंडला पेनल्टी दिली, ब्रायन मॅकेक्नीने ती मारली आणि वेल्स १३-१२ असे हरले. क्विटेंटन यांनी नंतर नेहमी सांगितले की आपण हेडनच्या सोंगाला फसलो नाही. वेल्सच्या जेफ व्हीलने फ्रँक ऑलिव्हरच्या खांद्याचा आधार घेतला, त्यासाठी ती पेनल्टी होती. हेडनने मात्र सोंग आधी ठरवून केल्याचे पुढे मान्य केले. वेल्समध्ये ती जखम अजून ओली आहे.

याच मॅकेक्नीच्या वाट्याला पुढे एक विलक्षण योग आला, आणि क्रिकेटवेड्या वाचकांना तो सांगितल्यावाचून राहवत नाही. १ फेब्रुवारी १९८१ रोजी मेलबर्नला न्यूझीलंडला बरोबरीसाठी शेवटच्या चेंडूवर षटकार हवा असताना, ग्रेग चॅपेलच्या सांगण्यावरून ट्रेव्हर चॅपेलने ज्या फलंदाजाला सरपटी चेंडू टाकला, तो फलंदाज हाच ब्रायन मॅकेक्नी.

हेडनचा डाव आणि इटलीचा डाव यांना एकाच पारड्यात टाकता येणार नाही. हेडनने पंचाला खोटे दाखवले. न घडलेली गोष्ट घडली असे भासवले. इटलीने काहीच लपवले नाही. आपण काय करणार आहोत हे त्यांनी प्वात यांच्या कानावर सामन्याआधीच घातले होते, आणि मैदानात जे केले ते ऐंशी हजारांच्या डोळ्यांदेखत केले. माझ्या लेखी सीमारेषा इथे आहे. नियमाचे शब्द उघडपणे वाचून त्यातून वाट काढणे हा खेळाचा भाग आहे. पंचाची नजर चुकवण्यावर किंवा त्याला फसवण्यावर उभा राहिलेला डाव खेळाचा भाग नाही. विनू मांकड यांनी १९४७ साली सिडनी कसोटीत बिल ब्राउनला चेंडू टाकण्याआधीच धावबाद केले, तेव्हा ते नियमातच बसत होते. तरी त्यांच्या नावावरून ‘मांकडिंग’ हा शब्द शिवीसारखा क्रिकेटमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला. क्रिकेटचे नियम लिहिणाऱ्या एमसीसीने २०२२ मध्ये या प्रकाराची नोंद ‘अनुचित खेळ’ या नियमातून काढून सरळ ‘धावबाद’च्या नियमात केली. उघडपणे नियम वाचणाऱ्याला खलनायक ठरवण्याची घाई अशी कधी कधी पंचाहत्तर वर्षांनी मागे घ्यावी लागते.

तिसराही एक प्रकार आहे आणि तो मला या दोन्हींपेक्षा जास्त खटकतो. आपल्या गोलरेषेजवळ प्रतिपक्ष ट्रायच्या बेतात आला की बचाव करणारा संघ मुद्दाम चूक करतो, कारण हिशेब सोपा आहे. ट्राय आणि किक मिळून ७ गुण द्यावे लागतील, पेनल्टीने ३. यात ना बुद्धी लागते ना धाडस. म्हणून हेतुपुरस्सर नियम मोडणे हाच नियमपुस्तकात स्वतंत्र गुन्हा आहे, त्यासाठी पिवळे कार्ड दाखवून खेळाडूला दहा मिनिटे बाहेर बसवता येते, आणि ट्राय नक्की झाला असता असे पंचाला वाटले तर तो थेट ७ गुणांचा पेनल्टी ट्राय देतो. संघांचा हिशेब बिघडवण्याचा एवढाच उपाय आहे, आणि तोही पंच किती लवकर खिशात हात घालतो यावर अवलंबून.

एकसारखे दोन प्रसंग, दोन निकाल

पंचाचा अर्थ किती महाग पडू शकतो हे दोन प्रसंग शेजारी ठेवले की दिसते.

१८ ऑक्टोबर २०१५, विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी, पुन्हा ट्विकनहॅम. ऑस्ट्रेलियाविरुद्ध स्कॉटलंड शेवटच्या मिनिटांत पुढे. स्कॉटलंडच्या हातून चेंडू पुढे निसटला आणि त्यांच्याच जॉन वेल्शने तो पुढे उभे राहून पकडला. हे ऑफसाइड ठरवून पंच क्रेग जुबेर यांनी पेनल्टी दिली. बर्नार्ड फोलीने ती मारली आणि ऑस्ट्रेलिया ३५-३४ असे जिंकले. पण चेंडू वेल्शकडे जाण्याआधी ऑस्ट्रेलियाच्या निक फिप्सचा त्याला हात लागला होता. प्रतिपक्षाने चेंडू खेळला की ऑफसाइड संपते, म्हणून तिथे पेनल्टीऐवजी स्क्रम, म्हणजे दोन्ही संघांच्या आठ-आठ जणांनी एकमेकांत गुंतून ढकलण्याचा प्रकार, द्यायला हवा होता. वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेने सामन्यानंतर तसे जाहीरपणे सांगितले. स्कॉटलंडला त्याचा उपयोग शून्य.

८ जुलै २०१७, ऑकलंड. न्यूझीलंड विरुद्ध ब्रिटिश अँड आयरिश लायन्स हा ब्रिटन-आयर्लंडचा एकत्रित संघ, मालिका १-१, सामना १५-१५, घड्याळात दोनेक मिनिटे उरलेली. लायन्सच्या लियाम विल्यम्सच्या हातून चेंडू पुढे निसटला आणि त्याच्यापुढे असलेल्या केन ओवेन्सने तो क्षणभर पकडून सोडून दिला. पंच पुन्हा रोमँ प्वात. त्यांनी पेनल्टीसाठी हात वर केला. मग चित्रफीत पाहिली, सहकाऱ्यांशी बोलले, आणि निर्णय बदलला: ऑफसाइड अपघाताने झाली, म्हणून पेनल्टी नाही, स्क्रम. सामना बरोबरीत सुटला, मालिका बरोबरीत सुटली.

नियमपुस्तकात दोन्ही वाक्ये आहेत. पुढे निसटलेला आपल्याच संघाचा चेंडू ऑफसाइड खेळाडूने खेळला तर पेनल्टी. खेळाडूला टाळता आलेच नाही आणि चेंडू त्याला लागला तर स्क्रम. ओवेन्सने चेंडू ‘खेळला’ की तो त्याला ‘लागला’? मराठीत ही दोन क्रियापदे आहेत, मैदानात एक मालिका. माझे मत विचाराल, तर ओवेन्सने चेंडू पकडला होता आणि ती पेनल्टी होती. पण समंजस माणसे उलट बाजूनेही बोलतात, आणि नियमपुस्तक सामन्यापुरता घटनेचा आणि नियमाचा एकमेव न्यायाधीश पंचालाच मानते.

मग नियमच निःसंदिग्ध का लिहीत नाहीत?

लिहितात, आणि सतत दुरुस्तही करतात. ट्विकनहॅमच्या त्या सामन्यानंतर काही महिन्यांतच, ऑगस्ट २०१७ पासून, उत्तर गोलार्धात रकची व्याख्या बदलून पाहिली गेली, आणि तो बदल पुढे कायम झाला. टॅकलनंतर चेंडूवर एक खेळाडू उभा राहिला, तरी ऑफसाइडच्या रेषा तयार. भिडायला दुसरा येण्याची वाट पाहायची नाही. इटलीची फट बुजली.

पण एक फट बुजवण्यासाठी लिहिलेले वाक्य दुसरीकडे नवी फट ठेवून जाते. किक मारणाऱ्याच्या पुढे असलेले त्याचे साथीदार ऑफसाइड असतात. मात्र चेंडू पकडणारा प्रतिस्पर्धी पाच मीटर धावला किंवा त्याने चेंडू दुसऱ्याकडे दिला की ते पुन्हा खेळात येतात, अशी तरतूद होती. संघांनी ती बारकाईने वाचली आणि त्यांच्या लक्षात आले की आपल्या खेळाडूंनी मैदानाच्या मध्यावर नुसते उभे राहावे. पकडणारा धावला तर आपण खेळात येतो. म्हणून तो धावत नाही, उलट किक मारतो. मग त्याचेही खेळाडू तसेच उभे. फ्रेंच खेळाडू आंत्वान दुपाँ याच्या नावाने ही पळवाट ओळखली जाऊ लागली. फेब्रुवारी २०२४ मध्ये एडिनबरोला स्कॉटलंड-फ्रान्स सामन्यात तिचे जे रूप दिसले ते पाहवत नव्हते: तीसेक तगडे खेळाडू कमरेवर हात ठेवून उभे, आणि त्यांच्या डोक्यांवरून चेंडू इकडून तिकडे. तिकीट काढून आलेल्या माणसावर हा अन्याय होता. १ जुलै २०२४ पासून नियम बदलला. आता पुढे असलेल्या खेळाडूंना मागे हटण्याची हालचाल करावीच लागते.

त्याच दिवसापासून आणखी दोन गोष्टी बंद झाल्या. फ्री किक (पेनल्टीहून सौम्य, जिच्यावरून थेट गुण घेता येत नाहीत) मिळाल्यावर तिच्याऐवजी स्क्रम मागण्याची मुभा गेली. २०२३ च्या विश्वचषकात फ्रान्सविरुद्ध दक्षिण आफ्रिकेच्या डेमियन विलेमसेने आपल्याच बाजूच्या २२ मीटरच्या पट्ट्यात ती मुभा वापरून सर्वांना चकित केले होते. आणि रकमधल्या खेळाडूला धरून, पिळून, मगरीसारखे आडवे लोळवणे गुन्हा ठरले, कारण त्यात पायाच्या घोट्याची आणि गुडघ्याची वाट लागत होती. या तीनांतला शेवटचा बदल इतका उशिरा व्हावा असा नव्हता. खेळ कंटाळवाणा झाला की बैठका होतात. खेळाडूचा पाय मोडतो तेव्हा त्या आणखी लवकर व्हायला हव्यात.

सगळे कॅमेऱ्यावर का सोपवत नाहीत?

कॅमेरा घटना दाखवतो. पाय रेषेवर होता का, चेंडू टेकला का, हे तो सांगू शकतो आणि सांगतोही. त्यासाठी पडद्यासमोर बसलेला स्वतंत्र पंच असतो. ओवेन्सने चेंडू पकडला हे चित्रफितीत लख्ख दिसत होते. प्रश्न त्याला काय म्हणायचे हा होता. शिवाय प्रत्येक रक थांबवून पाहू लागलो, तर ऐंशी मिनिटांचा सामना संध्याकाळपर्यंत संपायचा नाही.

संघ मात्र थांबत नाहीत. १२ जुलै २०२५ रोजी गेबेखा येथे (जुने पोर्ट एलिझाबेथ) इटलीविरुद्ध दक्षिण आफ्रिकेने सामन्याची सुरुवातच मुद्दाम चुकीच्या किकने केली. सुरुवातीची किक दहा मीटर पुढे जावी लागते. मॅनी लिबोकने ती जाणूनबुजून तोकडी मारली, म्हणजे इटलीला स्क्रम मिळावा आणि जगातल्या सर्वांत दणकट स्क्रमपुढे त्यांना पहिल्याच मिनिटाला उभे राहावे लागावे. त्याच सामन्यात त्यांनी लाइनआउटमध्ये जसे खेळाडूला उचलतात तसे आंद्रे एस्टरहायझनला चालू खेळात, मैदानाच्या मधोमध उचलले, आणि तो खाली येताच त्याच्याभोवती गोळा होऊन सगळ्यांनी मिळून पुढे रेटले. ही कल्पना एका शालेय संघाकडून उचलली, असे प्रशिक्षक रासी इरॅस्मस यांनी नंतर सांगितले. सामना त्यांनी ४५-० असा जिंकला. आठ वर्षांपूर्वी ट्विकनहॅमला ज्यांच्या युक्तीने इंग्लंड गोंधळले होते, त्याच इटलीला या वेळी दुसऱ्यांच्या युक्त्यांना तोंड द्यावे लागले.